काळतोंड्याच्या लेकी

उसाला तोड लागली की माझं कामात लक्ष राहत नाही. पुण्यातल्या आमच्या लॅबच्या खिडकीतून उसाचा फड दिसत नाही की कारखान्याचं धुराडं. तरीही शनिवारी गावाकडं निघाले आणि कासुर्डीच्या अलीकडं उसाची पहिली ट्रॉली आडवी आली, की पुढचा सगळा आठवडा मी नीट बसू शकत नाही. नळ्यांवर चुकीच्या तारखा लिहिते. चहा आणून ठेवते आणि विसरते. एकदा माश्यांची बाटली उघडी राहिली आणि शे-दोनशे माश्या खोलीभर उडाल्या, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "तुला दर वर्षी याच दिवसांत काय होतं गं?"

काय होतं ते तिला सांगायचं तर सहा वर्षं मागं जावं लागतं.

आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. माझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीन एकर जमीन घेतली, पत्र्याचं घर बांधलं आणि चालणं थांबवलं. मेंढरं मात्र सोडली नाहीत. पन्नासेक मेंढ्या कायम दारात. त्यामुळं आमच्याकडं हा हंगाम दुहेरी असायचा. नदीकाठच्या रानात कोयते चालू व्हायचे आणि त्याच आठवड्यांत मेंढ्या विऊ लागायच्या. त्या दिवसांचा एक वास माझ्या नाकात कायमचा बसलाय. ताज्या तोडलेल्या उसाचा गोडसर वास, ओल्या लोकरीचा उग्र वास आणि पाचट पेटवल्यावर दुपारच्या उन्हात लोंबकळत राहणारा धूर. नुकत्याच जन्मलेल्या कोकराला मेंढी चाटत असायची आणि त्याच्या अंगातून वाफ निघायची. चार पाय चार दिशांना फाकलेले. तिसऱ्या प्रयत्नाला ते उभं राहायचं आणि आईच्या पायांकडं नुसतं बघत राहायचं.

बघत राहायचं, हे त्या वेळी माझ्या लक्षातही यायचं नाही. कोकरू बघतंच, त्यात काय.

त्या वर्षी मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आठ दिवसांच्या सुट्टीवर आले होते. आमची मेंढरं बबनआप्पांच्या रानात बसवली होती. आप्पांचा ऊस तुटून गेला की त्या मोकळ्या रानात आबा जाळीचं कुंपण ठोकायचे. आप्पांना खत मिळायचं, आमच्या मेंढरांना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि पाला. वीस वर्षं हे असंच चालत आलेलं. मी बारावी झाल्यावर भावकीत माझ्या लग्नाचा विषय निघाला, तेव्हा आप्पाच आमच्या ओट्यावर येऊन आबांना म्हणाले होते, "पोरीला थांबवू नका. शिकंल तेवढं शिकू द्या." ते गावच्या सहकारी सोसायटीत दोनदा निवडून आलेले. त्यांच्या शब्दाला वजन होतं. मी कॉलेजला गेले ती त्या शब्दावर.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला रानातून हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. मी पळत गेले. त्यांच्या मांडीवर तासाभरापूर्वी जन्मलेलं कोकरू होतं. अंग धडधाकट, लोकर दाट. पापण्या मिटलेल्या. आबांनी अंगठ्यानं हळूच एक पापणी वर केली. आत नुसतं गुलाबी मांस, आणि खोलवर मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"डोळंच न्हाईत गं ह्याला," आबा म्हणाले.

खाली ठेवल्यावर ते कोकरू उठलं. चाललं आणि जाळीला धडकलं. मग एका परक्या मेंढीच्या पोटाखाली शिरलं, तिनं ढकलून दिलं, तरी पुन्हा तिथंच. त्याला दूध कुठं आहे ते वासानं कळत होतं, पण आपली आई कुठली ते कळत नव्हतं. चार दिवसांत अशी तीन कोकरं झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, असं कधी कधी होतं म्हणाले आणि गेले. गावातल्या बायका ग्रहणाचं बोलू लागल्या. आईनं देवीला नारळ फोडला.

आणि मी बोलले. त्या वेळी माझ्या बॅगेत गर्भाच्या वाढीवरचं जाडजूड पुस्तक होतं आणि मी त्यातला विषारी रसायनांचा धडा नुकताच वाचला होता. आप्पांनी श्रावणात बांधावर तणनाशक मारलं होतं. आमच्या मेंढ्या त्याच बांधावर चरल्या होत्या. मला एवढं पुरलं. सोसायटीच्या ओट्यावर दहा माणसं बसलेली असताना मी ठणकावून सांगितलं, "ग्रहण-बिहण काही नाही. हे आप्पांच्या औषधानं झालंय. पोटात असताना कोकरांचे डोळेच तयार झाले नाहीत."

कोणी काही विचारलं नाही. शिकलेली पोरगी सांगत होती. आबांनी माझ्याकडं बघितलं, त्या बघण्यात दुःख होतं आणि थोडा अभिमानही होता, हे मला आजही बोचतं. ते उठले आणि तडक आप्पांच्या दारात गेले. मी मागोमाग.

आप्पा आधी हसले. मग त्यांना कळलं की आबा थट्टा करत नाहीत.

"म्हंजी तुमच्या मेंढरांना म्या इख घातलं म्हणता?"

"घातलं न्हाई म्हणत. पर झालं तुमच्या औषधानं."

"कोण म्हणतं?"

आबांनी माझ्याकडं हात केला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मागं दारात त्यांची सून, संगीता वहिनी, उभ्या होत्या. हातातल्या सुपात दाणे तसेच. आप्पांनी तोंड फिरवलं. आबांना म्हणाले, "उद्या सकाळी जाळी उचला."

सकाळी आम्ही जाळी उचलली. गोष्ट पसरली तशी दुसऱ्यांनीही रान द्यायचं टाळलं. उद्या आपल्यावर आळ यायचा, ही भीती. मग पायांना थारा मिळालेले आबा पुन्हा चालू लागले. ऊसतोडीच्या कोयत्यांच्या मागं मागं, नदी ओलांडून दौंड तालुक्यात, पार पाटसपर्यंत. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, आणि गुडघा दुखतोय हे फक्त आईला फोनवर. तीनपैकी दोन कोकरं आठवड्यात गेली. तिसरं आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ते आईच्या बांगड्यांच्या आवाजामागं चालायला शिकलं. मी पुण्याला परतले. परीक्षेत त्या धड्यावरच प्रश्न आला, मी चांगला लिहिला.

पुढं मी संशोधनाला लागले आणि योगायोगानं मला डोळाच मिळाला. फळांवर बसणाऱ्या बारीक माशीचा डोळा. पहिल्या महिन्यात आमच्या मॅडमनी एक माशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाल्या, बघ. डोकं होतं, तोंड होतं, पंख, पाय, सगळं होतं. डोळ्याच्या जागी सपाट गुळगुळीत कातडी.

मॅडम समजावून सांगायच्या तेव्हा हातांनी सांगायच्या. डोळा करायची सूचना शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते, पायाच्या पेशीतसुद्धा. ती कुठं वाचायची आणि कुठं मिटलेली ठेवायची, हे प्रथिनं ठरवतात. आमचं एक प्रथिन डीएनएवर नेमक्या ठिकाणी जाऊन बसतं. पण त्याच्या एकट्याच्यानं जनुक जागं होत नाही. दुसरं प्रथिन येऊन त्याला चिकटावं लागतं. दोघं मिळाली की डोळ्याची जनुकं एकामागून एक सुरू होतात. दुसरं आलंच नाही, तर पहिलं बिचारं जागेवर बसून राहतं आणि पेशी डोळा व्हायचं सोडून मरून जातात. शिवाय तिसरं एक आहे. तेच पहिल्याला चिकटलं तर तीच जनुकं बंद होतात. "म्हणजे जनुक चालू की बंद, हे पहिल्यावर नाही," मॅडम म्हणायच्या, "त्याच्या जोडीला कोण आहे त्यावर." कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला धरतो, ते शोधणं माझ्याकडं होतं. अजूनही आहे.

दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात मी माश्यांच्या जोड्या लावल्या होत्या. आई आणि बाप दोघंही चांगले, टपोऱ्या लाल डोळ्यांचे. फक्त दोघांच्याही अंगात त्या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली. एक चांगली प्रत पुरते, म्हणून वरून काही कळत नाही. पिल्लं बाहेर आली आणि मी मोजू लागले. डोळे असलेली, असलेली, असलेली, नसलेली. साधारण चारात एक. एकाच बापाच्या वंशातली भावंडं एकमेकांशी जोडली की हे हमखास होणार, हे मला बी.एस्सी.पासून पाठ होतं.

मोजता मोजता माझा हात थांबला. या बाटलीत मी कसलंही औषध घातलेलं नव्हतं.

आमच्या कळपात तेव्हा एकच मेंढा होता. काळतोंड्या. अंग पांढरं, तोंड कोळशासारखं, कमानदार नाक. आबांनी तो जेजुरीकडच्या पाहुण्यांकडून कोकरू असताना आणलेला, आणि त्याच्यासारखी लोकर पंचक्रोशीत नाही म्हणून बदलला नव्हता. वर्षं उलटली तशा त्याच्या लेकी मोठ्या झाल्या, आणि त्याच कळपात, त्याच मेंढ्यापासून, विऊ लागल्या. मी जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच बंद केला.

त्याच दिवशी गावाला जायला हवं होतं. मी गेले नाही. मेंढीचं जनुक वेगळं असेल, पुरावा कुठंय, रक्त तपासलेलं नाही, अशी कारणं मी स्वतःला द्यायचे. सगळी खरी होती. तणनाशकाबद्दल बोलताना मात्र मला पुरावा लागला नव्हता. मग तोड लागली. आबांचा पाटसहून फोन आला. मागं ट्रॅक्टरची घरघर.

"हितंबी झाली गं दोन तशी. ह्या अंगालाबी त्येच औषध मारत्यात वाटतं."

आबा माझंच वाक्य मला परत देत होते. मी काय म्हणाले? "बरं," म्हणाले. "गुडघा कसा आहे?" म्हणाले. फोन ठेवल्यावर मी लॅबच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. पायऱ्या उतरायचे, चढायचे. तो आख्खा हंगाम मी असाच घालवला. गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडले, उन्हाळा आला, पाऊस येऊन गेला.

पुढच्या हंगामात गेले. काय झालं म्हणून गेले, ते सांगता येत नाही. रस्त्यावर ट्रॉली दिसली आणि मी गावाची गाडी सोडून पाटसच्या एसटीत बसले, एवढंच.

आबा हायवेपासून आत, तुटलेल्या फडात बसले होते. ऊन चढत होतं. मी सगळं सांगितलं. प्रथिनं त्यांना सांगितली ती अशी, की डोळा व्हायला आत दोन हात एकमेकांत अडकावे लागतात. त्यातला एक हात घडवायची कृती प्रत्येक जनावराकडं दोनदा लिहिलेली असते, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. दोन्ही ठिकाणी पुसलेली निघाली तर डोळा होत नाही.

"आबा, आंधळी कोकरं कुणाकुणाला झाली, आठवतं?"

आबांना शाळा चौथीपर्यंत. कळपाची वंशावळ मात्र तोंडपाठ. ते बोटं न मोडता सांगू लागले. "पैली वाकड्या शिंगीची धाकली. मंग कबरीची पोर. मंग ती तुटक्या कानाची, तीबी कबरीचीच... हितं पाटसला झाली ती ढवळीची थोरली..." बोलता बोलता त्यांचा आवाज हळू होत गेला. ते उठून कळपाकडं बघू लागले. काळतोंड्या वाढ्यांच्या ढिगापाशी निवांत रवंथ करत होता.

"समद्या ह्याच्याच लेकी हायेत की गं."

"हो."

"बाहीरनं आणलेल्या मेंढ्यांना एकबी तसलं झालं न्हाई." हे त्यांनीच जोडलं. माझ्याकडं नसलेला पुरावा आबांच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होता. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पायाशी पडलेलं वाढं उचलून ढिगावर टाकलं. मग म्हणाले, "मंग आप्पाचं काय चुकलं व्हतं?"

"काही नाही."

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घोंगडं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "तवा म्या तुझ्या तोंडानं बोललो," ते म्हणाले. "आता तुझं तोंड तूच घिऊन जा. म्या येतो मागनं."

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या दारात उभी राहिले. ते पडवीत बसून नव्या लागणीसाठी उसाचं बेणं तोडत होते. कोयता चालूच ठेवून त्यांनी ऐकलं. मध्ये एकदा विचारलं, "म्हंजी औषधानं कायबी झालं न्हाई?" मी म्हटलं, "औषध चांगलं असतं असं नाही, आप्पा. पण या कोकरांचं त्यानं झालं नाही. मी चुकीचं बोलले. सगळ्यांसमोर बोलले."

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"तू बोललीस तवा संगीता पोटुशी व्हती," ते म्हणाले. "चौथा म्हयना. त्याच बांधावर त्या औषधाला पाणी तिनंच वाहिलं व्हतं. म्या तिला शिरूरला नेली, दौंडला नेली. मशीनवर बघून डॉक्टर म्हनायचं, सगळं झाक हाय. माझा इस्वास बसंना. नात झाली तवा पोरगा का पोरगी ते म्या इचारलं न्हाई. आधी डोळं बघितलं तिचं."

त्या दारात उभ्या असलेल्या, सूप धरलेल्या बाईचा मी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

"मला न्हाई समजलं तरी चालंल," आप्पा म्हणाले. "आत जा. तिला नीट सांग."

संगीता वहिनी चुलीपुढं होत्या. तीन-साडेतीन वर्षांची मुलगी बाजूला भाकरीचा तुकडा घेऊन बसलेली. मी सांगत होते आणि त्या भाकरी थापत होत्या. एक झाली, तव्यावर टाकली. दुसरी थापली. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कवा कळलं, ताई?"

खोटं बोलता आलं असतं. "गेल्या वर्षी श्रावणात," मी म्हणाले.

त्यांचे हात परातीत थांबले. "म्या मागल्या संक्रांतीला ऑपरेशन करून घेतलं," त्या म्हणाल्या. "घरात सगळी म्हनत व्हती, दुसरं होऊ दे. ह्यांचीबी लई इच्छा. म्या म्हनलं, एक येळ वाचलो. पुन्यांदा तोच घोर लावून घ्यायची माझी ताकद न्हाई."

श्रावण ते संक्रांत. मी मनात महिने मोजले. मोजायची मला सवय आहे. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा त्यांनी ती उलटली आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा. पैल्यापासनं."

मी पुन्हा सांगितलं.

आबा आठवड्यानं मेंढरांसह परतले. आप्पांनी रान दिलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. जाळी ठोकताना मेखा आप्पांनी धरल्या होत्या, असं आई म्हणाली. काळतोंड्याला आबांनी विकलं नाही, विकला असता तर दुसऱ्याच्या कळपात हेच सुरू झालं असतं. डॉक्टरांना बोलावून खच्ची करून घेतलं. त्याच्या वंशातला एक नर कासुर्डीला मामांकडं दिलेला, तिथंही आबा स्वतः जाऊन सांगून आले. नवा मेंढा लांबून आणला. तेव्हापासून आप्पांच्याच रानात, त्याच बांधाला, दर हंगामाला कोकरं होतात आणि होताक्षणी आईकडं बघतात. गावाच्या दृष्टीनं गोष्ट मिटली.

माझ्या दृष्टीनं मिटत नाही, म्हणून तर हे दिवस आले की कामात लक्ष राहत नाही. संशोधनात मला सबुरी शिकवली गेली. पक्कं झाल्याशिवाय बोलू नये. पण एकदा चुकीचं बोलून झाल्यावर, पक्कं होईपर्यंत गप्प बसणं हेही बोलणंच असतं, आणि ते मला कोणत्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

यंदा तोड लागली त्या आठवड्यात संगीता वहिनींचा फोन आला. मुलीला पुणं दाखवायला आणणार होत्या. "तुमची ती माशी दाखवाल का?" त्यांनी विचारलं. मी मॅडमची परवानगी काढली. वहिनी आल्या त्या नवी साडी नेसून, दारात चपला काढून. मी म्हटलं, राहू द्या, तर म्हणाल्या, "नको, तुमचं कामाचं ठिकाण हाय."

मी बिनडोळ्यांची माशी भिंगाखाली ठेवली. त्यांना एक डोळा मिटून बघायची सवय नव्हती, थोडा वेळ गेला. मग त्या एकदम स्थिर झाल्या.

"हिला काय घातलं व्हतं?"

"काहीच नाही."

"आन् आईबाप?"

"दोघांचेही डोळे चांगले."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता डोळं असल्याली दाखवा."

मी दाखवली. भिंगाच्या दिव्याच्या प्रकाशात माशीचा डोळा मलाही रोज नव्यानं चकित करतो. शेकडो बारीक लाल घरं, एकाला एक चिकटून, एकही ओळ न चुकलेली. मुलगी स्टुलाला धरून "मला, मला" करत होती. वहिनींनी डोळा हलवला नाही, नुसता हात मागं करून तिचं मनगट धरलं.

"येवढं सगळं आपोआप जमतं, व्हय?"

"बहुतेक वेळा," मी म्हणाले.

"बहुतेक येळा," त्या म्हणाल्या, आणि मुलीला उचलून स्टुलावर उभं केलं.